उजवीकडचा फुगवटा

माझी रेघ चांगली होती. हे मीच सांगते आहे, कारण दुसऱ्या कोणी सांगायची वाट पाहत बसले असते तर म्हातारी झाले असते. कन्हानजवळच्या एका कोळसा खाणीच्या सर्व्हे ऑफिसात मी ट्रेसर होते. सर्व्हेयर खाली उतरून मापं घ्यायचे, वर येऊन आकडे टाकायचे, आणि त्या आकड्यांवरून ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने खाणीचे नकाशे उतरवायचे, हे माझं काम. सगळ्या ऑफिसात बाई मी एकटीच. नवा साहेब आला की हमखास माझ्या टेबलापाशी थांबायचा आणि म्हणायचा, "वा, बाई असून हात किती स्थिर आहे!" मी मान वर न करता सांगायचे, "हात बाईचा नाही साहेब, ट्रेसरचा आहे." दोन साहेबांना हे आवडलं, एकाला नाही. त्याची पुढे बदली झाली, पण ती माझ्यामुळे नव्हे.

घर इंदोऱ्यात. बाबा कापडगिरणीत होते. छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळी मी आईच्या कडेवर होते असं घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जायचं, त्यामुळे माझं वय लपवायची सोयच नव्हती. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स मी हट्टाने केला आणि हट्टानेच पहिली आले. रोज सकाळी कामठी रोडवर बस पकडायची, नदीचा पूल ओलांडला की ऑफिस. रविवार तेवढा माझा. त्या रविवारांवर सरांनी डल्ला मारला, तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, एका दिवाळीनंतर.

सर शहरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. पीएच.डी.साठी तीन वर्षं परदेशात एका रेडिओ दुर्बिणीवर राबले आणि प्रबंध लिहायच्या आधीच वडिलांच्या आजारपणामुळे परत आले. वडील गेले, सर इथेच राहिले. येताना त्यांनी एक लोखंडी पेटी आणली होती आणि पेटीत छापील आकड्यांचे गठ्ठे. कॉलेजातले लोक त्यांच्यामागे त्यांना 'आकाशवाणी' म्हणत. त्या आकड्यांवरून नकाशे करून प्रबंध पाठवायला त्यांना पुढच्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत होती. तोवर गेला नाही तर तिकडच्या विद्यापीठातलं त्यांचं नाव रद्द, आणि तीन वर्षं पेटीतल्या पेटीत. तिकडे असे नकाशे कॉम्प्युटर काढायचा. इकडे कॉलेजात अजून कॉम्प्युटर हा नुसता शब्दच पोचला होता. म्हणून ते समोच्च रेषा काढणारं माणूस शोधत होते, आणि माझ्या आयटीआयच्या मास्तरांनी त्यांना माझं नाव सांगितलं.

पहिल्या रविवारी मी सायकलने धरमपेठेत गेले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, चहा आणला. मी आधी कपाकडे पाहिलं. घरातल्या बाकीच्यांचा होता तसाच होता. मग चहा प्यायला घेतला.

सरांनी जेवणाच्या टेबलावर आकड्यांचा कागद पसरला.

"ही एक दीर्घिका आहे," ते म्हणाले. "आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला कोट्यवधी वर्षं लागतात."

"म्हणजे कन्हानच्या पुढे," मी म्हटलं.

सर हसले. हसणारा प्रोफेसर मी पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून ऐकून घ्यायचं ठरवलं. सर समजावायला लागले की चहा निवायचा, पण सांगायचे छान. फोटोत दिसतात ते तारे. तारे ज्या थंड वायूतून जन्मतात तो वायू फोटोत दिसत नाही. तो बहुतेक सगळा हायड्रोजन असतो आणि इतक्या थंडीत तो मुका असतो, त्याच्याकडून काहीच येत नाही. पण त्यात चिमूटभर दुसरा वायू मिसळलेला असतो. त्याचे रेणू गिरक्या घेतात आणि एका ठरलेल्या लांबीची रेडिओ लहर सोडतात. अडीच मिलिमीटरच्या आसपासची. ती लहर जिथे जोरात येते तिथे थंड वायू जास्त, म्हणजे तिथे पुढे तारे होणार.

"कोणता वायू?" मी विचारलं.

"कार्बन मोनॉक्साइड."

माझा कप हातातच राहिला. आमच्या खाणीत हे नाव कोणी मोठ्याने घेत नसे. खाली कोळसा आतल्या आत धुमसायला लागला की हाच वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. बचाव पथकाचे लोक त्याच्यासाठी पिंजऱ्यात पक्षी घेऊन उतरत. मी सरांना म्हटलं, "सर, हा तर माणसं मारणारा वायू आहे." ते म्हणाले, "तिथे तो तारे कुठे जन्मतात ते सांगतो." त्या दिवशी घरी जाताना मी सायकल फार हळू चालवली. एवढी मोठी गोष्ट आणि ती आपल्या ओळखीची निघावी, याचा मला खरोखर आनंद झाला होता.

बाकीचं मला शिकवावंच लागलं नाही. दुर्बीण आकाशातल्या एका ठिकाणी रोखायची, बराच वेळ लहर गोळा करायची, एक आकडा मिळतो. मग जरा सरकवायची, दुसरा आकडा. शेकडो ठिकाणी असं केलं की कागदभर आकडे होतात. आमच्याकडे बोअर मारतात तसंच हे. जमिनीत भोक पाडलं की त्या एका जागी कोळशाचा थर किती खोल आहे ते कळतं, मधल्या जागेचं काहीच कळत नाही. सारख्या आकड्यांमधून रेघ फिरवत न्यायची, म्हणजे मधली जमीन आपोआप दिसायला लागते. सरांच्या कागदावर प्रत्येक ठिकाणाचे तीन आकडे होते: मधल्या बिंदूपासून पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती, आणि लहरीचा जोर किती. "प्लस म्हणजे पूर्व," सर म्हणाले, आणि मी मान डोलावून कामाला लागले.

तीन महिन्यांचे रविवार असेच गेले. सकाळी जायचं, आकडे टाकायचे, पेन्सिलीने रेघा फिरवायच्या, खोडायच्या, परत फिरवायच्या. दुपारी काकूंचा गोळाभात, भातात डाळीचे गोळे. काकू वर्ध्याकडच्या, बोलायला फटकळ. "मले हे समजत नाही, पण तुया हाताने चित्र मात्र मस्त निघून राहिलं वं," असं म्हणून माझ्या ताटात आणखी एक गोळा टाकायच्या. दीर्घिका मधोमध उंच आणि कडेला उतरत गेलेली, जवळजवळ गोल, भाकरीसारखी. रेघांमधून ती हळूहळू वर येत होती. चौकट आखली, मध्ये एक फुली, खाली स्केल आणि कोपऱ्यात उत्तरेचा बाण. खाणीच्या नकाशाला एवढंच लागतं. चौकटीच्या कडेला प्लस-मायनस लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. उत्तर कळली की बाकी दिशा शेंबड्या पोरालाही कळतात.

फेब्रुवारीत भानगड झाली. फुलीच्या उजवीकडे, जरा खालच्या अंगाला, आजूबाजूला सगळे सहा-सात असताना तीन आकडे एकदम वर गेले होते: पंधरा, एकवीस, चौदा. एकवीसच्या भोवती माझ्या रेघा गच्च गोळा झाल्या आणि भाकरीवर एका बाजूला टम्म फुगा आल्यासारखा दिसायला लागला.

सरांनी तो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "त्या दिवशी रिसीव्हर नीट चालत नव्हता बहुतेक. इतका वायू इतक्या कडेला असत नाही. हा फुगवटा जरा दाबून टाका."

"दाबत नसते सर," मी म्हटलं.

"एकच ठिकाण आहे. बाकी नकाशा सुरेख आहे. हे गुळगुळीत केलं की प्रबंध उद्या टाइपला देता येईल."

"मग तुम्हीच द्या दाबून. माझ्या हातून नाही होणार."

मी जरा जास्तच बोलले होते, पण मागे घेणार नव्हते. आमच्या ऑफिसात एक म्हातारे हेड ड्राफ्ट्समन होते. मी लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, की फार वर्षांपूर्वी कुठल्याशा खाणीत एका बोअरचा आकडा शेजारच्यांशी जुळेना म्हणून कोणीतरी तो नकाशातून गाळला, आणि पुढे खोदत गेलेल्या लोकांना तिथेच पाणी लागलं. माणसं वाचली, पण थोडक्यात. "आकडा तुले आवडला नाही म्हणून तो खोटा नसते बाई," ते म्हणाले होते. हे मी सरांना सांगितलं. म्हणजे जवळजवळ भांडलेच.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, ती म्हणून राहिली तर विचारून पाहा ना तिकडे. कायले तिच्याशी झगडता?"

सरांनी विचारलं. नकाशाची अमोनिया प्रिंट, म्हणजे नक्कल, काढली, फुगवट्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला आणि परदेशातल्या आपल्या गाइडला पाठवून दिली. या लाल गोलात दुर्बीण पुन्हा एकदा रोखून पाहता का, असं पत्र सोबत. गाइड मोठा माणूस, त्यांचा दुर्बिणीवरचा वेळ मोजका. पण त्यांनी त्यातला थोडा काढून दिला.

एप्रिलच्या मध्यात उत्तर आलं. रविवारी गेले तेव्हा सरांनी ते मला वाचून दाखवलं. गोलात काहीच नाही. एकवीस तर सोडाच, सहाही नाही. सोबत त्याच स्केलचा दीर्घिकेचा एक फोटो होता, मुद्दाम पाठवलेला. आम्ही ट्रेसिंग फोटोवर ठेवलं. कडेची गोलाई बरोबर बसली आणि माझा फुगवटा पडला तो ताऱ्यांच्या दोन वळणदार पट्ट्यांच्या मधल्या अंधारात. तिथे एक ताराही नव्हता. खाली गाइडांनी एक ओळ लिहिली होती, की हा डाग काढून टाकला तर नकाशा चांगला आहे, प्रबंध पाठवायला हरकत नाही.

टेबलाच्या खणातून सरांनी ब्लेडचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. ट्रेसिंगवरची शाई आम्ही ब्लेडने खरडून काढतो आणि वरून नखाने घासतो, म्हणजे खूण राहत नाही. दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांत फुगवटा गेला असता आणि सरांचा प्रबंध मोकळा झाला असता.

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं. "मले एकदा सगळे आकडे तपासू द्या." चिडले किंवा घाबरले की माझी घरची बोली बाहेर येते. त्या दिवशी दोन्ही होतं.

तो आठवडा मी कोणाशी धड बोलले नाही. गठ्ठा घरी आणला होता. ऑफिसातून आले की आकडे वाचायचे आणि प्रत्येकाची जागा ट्रेसिंगवर मोजायची. एकही चुकलेला नव्हता. पट्टीने मोजलं, डिव्हायडरने मोजलं. चूक सापडली असती तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं, म्हणजे माझी किती वाईट अवस्था होती ते पाहा. एका माणसाची तीन वर्षं माझ्या हट्टावर टांगलेली आणि हट्टाला आधार काहीच नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो, त्यामुळे घरात सगळ्यांनीच तो आठवडा सोसला.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी अंगणात पाणी मारलं आणि खाटा बाहेर काढल्या. खाटांवरून आमच्याकडे दर उन्हाळ्यात एक तमाशा व्हायचा. बाबा मुद्दाम उत्तरेला डोकं येईल अशी खाट टाकायचे, कारण उत्तरेला डोकं करून निजू नये हे त्यांनी दीक्षेबरोबर सोडलं होतं. आईनेही सोडलं होतं, पण खाटेपुरतं नाही.

"उत्तरेले डोस्कं फक्त मड्याचं करते," आई म्हणाली आणि खाट फिरवायला लागली.

"तो यम आता आपल्या घरी येत नाही वं. पत्ता बदलला आपला," बाबा म्हणाले आणि खाट परत फिरवली.

हे मिटायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मी बाबांच्या बाजूने मत दिलं, म्हणजे सरळ जाऊन त्या खाटेवर उताणी पडले. डोकं उत्तरेला, तोंड आकाशाकडे. सूर्य मावळत होता. उजव्या बाजूचं आभाळ लाल झालं होतं आणि उजव्या गालाला त्याची धग लागत होती.

उजव्या गालाला. मी तशीच पडून राहिले. डोक्याकडे उत्तर. नकाशात उत्तर वर असते तेव्हा पूर्व उजवीकडे असते. आणि माझ्या उजवीकडे तर सूर्य बुडत होता.

मी पालथी झाले आणि खाटेच्या विणीतून जमिनीकडे पाहिलं. आता उजवा हात पूर्वेला. परत उताणी झाले. उजवा हात पश्चिमेला. पालथी, उताणी, पालथी. जमिनीचा नकाशा आपण वरून खाली पाहून काढतो. आकाश आपण खालून वर पाहतो. उत्तर तीच राहते आणि पूर्व-पश्चिम हातांची अदलाबदल करतात. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असायला हवी होती, आणि मी पाच वर्षांच्या सवयीने अख्खी दीर्घिका जमिनीवर असल्यासारखी काढून ठेवली होती. तिकडे गाइडांनी तो नकाशा आकाशाचा म्हणून वाचला आणि लाल गोलासाठी दुर्बीण नेमकी उलट्या बाजूला रोखली.

"उन्ह लागलं वाटते पोरीले," आई बाबांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी धरमपेठेत पोचले. सर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी दार उघडलं.

वाटेत मी खूप वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "सर, माझी चूक झाली," एवढंच म्हटलं. "मी पूर्व उजवीकडे काढली. खाणीसारखी. पूर्ण नकाशा उलटा आहे. तुमच्या गाइडांचा वेळ माझ्यामुळे फुकट गेला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या ट्रेसिंगकडे. साबण गळ्यावर ओघळला तरी त्यांना कळलं नाही. मी ट्रेसिंग उचललं आणि पालथं केलं. कागद आरपार दिसणारा, त्यामुळे रेघा मागूनही तेवढ्याच स्वच्छ दिसत होत्या. फक्त कोपऱ्यातली माझी अक्षरं उलटी झाली. तसंच ते फोटोवर ठेवलं आणि फुली मधोमध जुळवली. फुगवटा आता डावीकडे आला आणि ताऱ्यांच्या एका पट्टीच्या टोकावर जाऊन बसला. तिथे फोटोत काळपट धुळीचा एक गुंता होता आणि गुंत्याच्या कडेला बारीक बारीक तारे.

"मी पाहायला हवं होतं," सर म्हणाले. "दुर्बिणीवर तीन वर्षं काढली मी. तुम्ही नाही."

"पण काढलं मी उलटं."

"आकडे तुम्ही बरोबर टाकले. दिशा सांगायचं काम माझं होतं." मग त्यांना एकदम साबणाची आठवण झाली आणि ते आत गेले.

पुढचं सोपं नव्हतं. सरळ करून फुगवटा खरडून टाकला असता तरी गाइडांनी चालवून घेतलं असतं, तसं त्यांनी लिहूनच दिलं होतं. मी ते सरांना सांगितलंही. माझ्यामुळे आणखी काही बिघडावं असं मला आता वाटत नव्हतं. "तुम्ही म्हणाल तर खरडते," मी म्हटलं. हे बोलताना मला रडू आलं आणि त्याचा भयंकर राग आला.

सर म्हणाले, "आता मीच दाबू देणार नाही."

त्यांनी गाइडांना सगळं खरं लिहिलं. ट्रेसरची चूक असं लिहा म्हणून मी मागे लागले, पण पत्रात 'आमची चूक' असं गेलं. उत्तर महिन्याभराने आलं, चार ओळींचं. तिकडे उन्हाळ्यात हवा फार दमट, या लहरीला ती चालत नाही, तेव्हा थंडी पडल्यावर फुगवट्याच्या माथ्यावर आणि भोवती मिळून नऊ ठिकाणी शेवटचं एकदा पाहू. तिथेही काही नसेल तर या नकाशावर विश्वास ठेवता येणार नाही आणि तो प्रबंधात घालू नये. नकाशा नाही म्हणजे प्रबंधात उरते नुसती प्रस्तावना, हे सर स्वतःच म्हणाले. हातातली डिग्री त्यांनी माझ्या तीन आकड्यांसाठी पणाला लावली होती. काकू मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरडलं असतं तर आतापर्यंत डॉक्टर झाले असते हे. पण तुले सांगते, दहा वर्षांत मी ह्यायले इतकं खूश नाही पाहिलं."

ते खरं होतं. तो पावसाळा आणि त्यानंतरची दिवाळी आमची मजेत गेली. मी नवं ट्रेसिंग काढलं, पूर्व डावीकडे. सुरुवातीला हात आपोआप उजवीकडे जायचा, तेव्हा कागदाच्या डाव्या कडेला काकूंनी कुंकवाचा टिळा लावून दिला. सर प्रबंध टाइप करून घेत होते आणि मी रेघा काढता काढता त्यांना वायूबद्दल प्रश्न विचारून भंडावून सोडत होते. तिथे तारे जन्मतात तर मरतात कुठे, तिथलं धुमसणं कोण विझवतं. सर कधी सांगायचे, कधी म्हणायचे, "हे कोणालाच माहीत नाही अजून." हे उत्तर मला फार आवडायचं. आमच्या ऑफिसात असं कोणी कबूल करत नसे.

नोव्हेंबर गेला. डिसेंबरचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. प्रबंध बांधून तयार होता, फक्त नकाशाच्या जागी एक कोरं पान होतं. प्रत्येक रविवारी मी दारात सायकल लावताना काकूंच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि त्या मान हलवायच्या.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मान हलवली नाही. हाताला धरून मला आत नेलं. टेबलावर एक लांबट पाकीट होतं, परदेशी तिकिटांचं. बंद.

"मंगळवारी आलं वं हे," काकू म्हणाल्या. "पाच दिवस झाले. फोडून नाही राहिले. मी म्हटलं, फोडा नं, जीव चालला माया. तर म्हणतात, ती आल्याबिगर नाही."

सर खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही फोडा."

"मी कशाला सर? तुमचं पत्र आहे."

"आकडे तुमचे आहेत. फोडा."

मी बोटानेच पाकीट फाडलं, वाकडंतिकडं. आत पत्र होतं, ते मी वाचलं नाही. त्याच्यामागे एक पातळ कागद होता आणि कागदावर नऊ आकडे, तीन ओळींत तीन-तीन. मधल्या ओळीतला मधला आकडा म्हणजे फुगवट्याचा माथा, हे सरांनी कितीदा तरी सांगितलं होतं. तरी मी एकदा मोजून पाहिलं. दुसरी ओळ, दुसरा आकडा.

"किती निघाले वं?" काकूंनी विचारलं.

सरांनी मघापासून वर्तमानपत्राचं पान उलटलं नव्हतं.

"बावीस," मी म्हटलं. मग परत जोरात म्हटलं, "बावीस, काकू!"

सरांनी वर्तमानपत्र तोंडासमोरून काढलं नाही. शेवटी काकूच गेल्या आणि ते त्यांच्या हातातून हळूच ओढून घेतलं.